सात नंबरची काठी आणि गच्चीवरचं दार

साडूंची कंबर लचकली त्यात माझा काहीही हात नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे जे झालं, म्हणजे गच्चीवरचं दार, फुटलेला पाइप, सोसायटीच्या समितीचा तो ऐतिहासिक ठराव, त्या सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मूळ कारण मात्र ती कंबर, आणि ती माझी नव्हती.

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी सवयीने "देतो हं तिला" म्हणून मोबाइल घेऊन स्वयंपाकघराकडे निघालो. बायकोचा फोन लागला नाही की ते माझ्या फोनवर करतात, आणि माझं काम पोस्टमनचं असतं. पण पलीकडून आवाज आला, "थांबा. तुमच्याशीच बोलायचंय." मी होतो तिथे उभा राहिलो. बसलेला असतो तरी उभा राहिलो असतो.

सासरे निवृत्त झाल्यापासून गोल्फ खेळतात. त्यांच्या क्लबात वर्षातून एकदा जोड्यांचा सामना असतो. घरातला एक मोठा, एक धाकटा. दरवर्षी सासरे आणि साडू खेळतात, आणि दरवर्षी एक निवृत्त जज्जसाहेब आणि त्यांचा मुलगा त्यांना हरवतात. यंदा सासऱ्यांनी जंगी तयारी केली होती, आणि ऐन वेळी साडू मोजे घालायला वाकले ते तसेच राहिले.

"तुम्ही याल का?" सासऱ्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांची बॅग धरायला बोलावतायत. मी म्हणालो, "हो, येईन की. त्यात काय!" हे 'त्यात काय' मला फार महागात पडलं.

बायकोला सांगितलं तर ती हातातली कढई तशीच धरून बघत राहिली. "अहो, खेळायला बोलावलंय त्यांनी तुम्हाला. जोडीदार म्हणून. तुम्हाला काय येतं त्यातलं?"

"काय असतं त्यात? चेंडू पडलेला असतो. पळत नाही, उसळत नाही. काठी असते. मारायचं."

ती यावर हसली नाही. कढई खाली ठेवून म्हणाली, "बाबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडे काही मागितलंय हो."

ते खरं होतं, आणि मला लागलंही. सासरे वाईट नाहीत. पण चारचौघांत ओळख करून देताना ते साडूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "हे आमचे जावई." मग माझ्याकडे नजर वळते, हात खाली येतो, आणि ते म्हणतात, "आणि हे मोठीचे मिस्टर." लग्न झाल्यापासून मी मोठीचा मिस्टर आहे. माणसाला पगार कमी असला तर सोसतो, पण एवढ्या वर्षांत जावई म्हणून कायम होता येत नाही म्हणजे काय!

तेव्हा मी मनाशी ठरवलं की हा खेळ शिकायचा. सामना दोन आठवड्यांवर होता. इतक्या दिवसांत लोक मोटार शिकतात.

साडूंकडे गेलो. ते पलंगावर पालथे पडले होते आणि त्यांच्या कंबरेवर गरम पाण्याची पिशवी होती. आमच्या साडूंबद्दल एक सांगायला हवं. माणूस दिलदार आहे, पण त्यांना माझ्यावर कुरघोडी केल्याशिवाय चैन पडत नाही. कुटुंबाचं जेवण असलं की ते नेमके माझ्या उजव्या हाताला बसतात, आणि दर घासाला त्यांचं कोपर माझ्या कोपरावर आदळतं. माझ्या चमच्यातलं सूप शर्टावर. वर हसून म्हणतात, "सॉरी दादा!" समोर सासरे बसलेले असतात आणि ते माझ्या शर्टाकडे बघतात. मी हे कित्येक वर्षं गिळत आलोय. सूप सोडून बाकी सगळं.

त्या दिवशी मात्र त्यांनी कोपऱ्यातली एक काठी दाखवली. "ती सात नंबरची घ्या. सात नंबरवर सगळा जन्म निघतो. बाकी काठ्या तुम्हाला झेपायच्या नाहीत."

"मारायचं कसं?"

"दोनच गोष्टी, दादा. एक स्विंग प्लेन, दुसरी बॉल पोझिशन. या दोन जमल्या की बाकी आपोआप."

"म्हणजे नेमकं काय?"

"प्लेन म्हणजे काठी फिरते ते उतरतं छप्पर समजा. चेंडूपासून खांद्यापर्यंत. त्याच छपरावरून वर जायचं, त्याच छपरावरून खाली यायचं. आणि चेंडू मधोमध नाही, जरासा पुढच्या पायाकडे."

"जरासा म्हणजे किती?"

पण तोपर्यंत त्यांना वेदनाशामक गोळी चढली होती. ते उशीत तोंड घालून "छप्पर फोडू नका" असं काहीतरी पुटपुटले आणि घोरायला लागले. मी काठी आणि दोन चेंडू घेऊन घरी आलो.

काठी मी नीट न्याहाळली. खालच्या लोखंडी पात्याच्या एका बाजूला कंपनीचं नाव झोकात कोरलेलं होतं. दुसऱ्या बाजूला नुसत्या बारीक आडव्या रेघा. मी बायकोला समजावलं, "ही नावाची बाजू पुढची."

"कशावरून?"

"दुकानाची पाटी दुकानाच्या मागे लावतात का?"

"मग या रेघा कशाला आहेत?"

"चिखल खरवडायला."

हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाही ते पटलं. काही वेळा माणसाची सगळी विद्वत्ता पहिल्याच चुकीत खर्च होते आणि मग पुढच्या चुकांना अक्कल शिल्लक राहत नाही.

दिवाणखान्यात मी पहिल्यांदा छपरावरून वर गेलो तेव्हा पडद्याची दांडी खाली आली, आणि छपरावरून खाली आलो तेव्हा टीपॉयचा एक पाय गेला. चेंडू अजून डब्यातच होता. बायको म्हणाली, "गच्चीवर जा." ती हे ज्या आवाजात म्हणाली त्यानंतर मी चहासुद्धा मागितला नाही.

गच्चीवर गेलो. समोरच्या भिंतीवर जुनी गादी टेकवली, पायांत चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू जमिनीला चिकटून सरपटत गेला आणि कोपऱ्यातल्या कुंडीवर आपटला. पुन्हा मारला, पुन्हा सरपटला. या चेंडूला वर उडायचं वावडंच होतं. फोनवरच्या व्हिडिओत तोच खेळ शिकवणारा माणूस बोलताबोलता काठी हलवी आणि चेंडू ढगात जाई.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. सोसायटीत लिफ्ट बंद पडली की आधी मास्तर ती का बंद पडली ते समजावतात आणि मग आपण जिन्याने जातो. त्यांनी दोन फटके बघितले.

"तुमचं प्रतल, म्हणजे प्लेन, चुकतंय. प्रतल ठरवायला तीन बिंदू लागतात. चेंडू एक, खांदा दोन..."

"आणि तिसरा?"

"तिसराच तर हलतोय तुमचा."

तो कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायची लाज वाटली. घरी जाऊन आरशासमोर मी बराच वेळ माझ्यातलं काय हलतंय ते बघत होतो. सगळंच हलत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना प्रतल दिसत नाही, म्हणून ते हाताला लागलं पाहिजे. एखादी मोठी फळी आहे?" आमच्या बाल्कनीत न्हाणीघराचं जुनं दार पडलं होतं. ते आम्ही दोघांनी गच्चीवर चढवलं आणि पाण्याच्या टाकीला तिरकं टेकवलं. मी दाराला पाठ लावल्यासारखा उभा राहून काठी दाराला घासत वर न्यायची आणि घासत खाली आणायची. ते दिसायला कसं दिसत असेल याचा मी विचार केला नाही. पण समोरच्या इमारतीतल्या बायका खुर्च्या घेऊन बाल्कनीत बसायला लागल्या, त्यावरून अंदाज येतो.

प्रतल घासून घासून गुळगुळीत झालं, तरी चेंडू सरपटतच होता. मग मास्तर म्हणाले, "आता दोष बॉल पोझिशनचा." त्यांनी खडूने गच्चीवर रेघा आखल्या. चेंडू पुढे ठेवला, सरपटला. मागे ठेवला, सरपटला. अजून मागे ठेवला, तेव्हा तो काठीखालून तिरका सुटला आणि दाराला बगल देऊन थेट टाकीच्या पाइपच्या सांध्यावर बसला. सांधा उडाला. पाणी मात्र फार सुंदर, कमानदार, वर उडालं. मास्तर म्हणाले, "बघा, असं जायला हवं."

या वाक्यानंतर सोसायटीचे सचिव आले. त्यांच्या डोक्याला साबण होता.

"पाइपचं नंतर बोलू," ते डोळे मिचकावत म्हणाले. "आधी मला सांगा, हे दार कुठल्या खोलीचं?"

"कुठल्याच नाही. टेकवून ठेवलंय."

"गच्चीवर दार आलं म्हणजे खोली आली. खोली आली म्हणजे बांधकाम आलं. परवानगी आहे?"

"अहो, हे दार नाही, प्रतल आहे."

"मग प्रतलाची परवानगी आहे?"

रीतसर अर्ज करा म्हणाले. अर्जात कारण लिहायचं होतं. 'उतरतं छप्पर' असं लिहिलं असतं तर मेलोच असतो. मी 'व्यायाम' लिहिलं. सचिवांनी ते वाचून विचारलं की व्यायामाला दार कशाला, आणि विशेष बैठक बोलावली. सकाळपासून पाणी नसल्यामुळे बैठकीला अभूतपूर्व उपस्थिती होती.

मी मान खाली घालून सगळं खरं सांगितलं. सासरे, साडूंची कंबर, मोठीचे मिस्टर, सगळं. आता लोक मला फाडून खाणार असं वाटलं. पण तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मारताना तुम्ही जबडा फार आवळता. मी बघितलंय खालून." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, गुडघे वाकवा. कुणी म्हणालं श्वास सोडा, कुणी म्हणालं धरून ठेवा. खजिनदार म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याचा शेजारी टेनिस खेळतो. सचिव स्वतः काठी घेऊन उठले आणि टेबलावरचा पाण्याचा जग आडवा केला. इमारतीतलं शेवटचं पाणी होतं ते.

प्रश्न चेंडूपाशी अडला. निम्मे लोक पुढच्या पायाच्या बाजूचे, निम्मे मागच्या. आवाज चढले. शेवटी सचिवांनी तोडगा काढला की चेंडू दोन्ही पायांच्या बरोबर मधोमध ठेवावा, म्हणजे कुणावरच अन्याय नाही. ठराव बहुमताने मंजूर झाला. पाइपचा भुर्दंड माझ्यावर, आणि दार सामन्यापर्यंत राहू द्यावं. मास्तरांनी विरोधी मत नोंदवलं. उठताना सचिव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता निदान जिंकून तरी या हो."

एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तशी माझी गत झाली. झोपेतसुद्धा मी जबडा सैल, गुडघे वाकलेले आणि श्वास अर्धा असा पडलेला असे.

सामन्याचा दिवस उजाडला. सासरे पांढरी टोपी घालून गवतावर उभे होते. त्यांनी ओळख करून दिली. "हे जज्जसाहेब, हे त्यांचे चिरंजीव. आणि हे..." ते किंचित थांबले. मी श्वास धरला. "हे मोठीचे मिस्टर."

या खेळात जोडीचा चेंडू एकच असतो. एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. म्हणजे सासऱ्यांनी कमवायचं आणि मी उडवायचं. सासऱ्यांनी पहिला फटका असा मारला की चेंडू मैदानाच्या मधोमध जाऊन पडला. आता माझी पाळी. मी छप्पर आठवलं, दार आठवलं, ठराव आठवला, जबडा सोडला आणि फिरवली काठी.

चेंडू सरपटत गेला आणि उजवीकडच्या झुडपात शिरला.

"जोर आहे," जज्जसाहेब म्हणाले. सभ्य माणसाची दया ही फार वाईट गोष्ट आहे.

पुढे तेच. सासरे चेंडू झुडपातून काढत, मी वाळूत घालत असे. ते वाळूतून काढत, मी डबक्याच्या काठी नेत असे. छिद्राजवळ ढकलायला एक वेगळी काठी असते, ती त्यांनी मला स्वतःच्या बॅगेतून दिली. ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होती आणि तिच्याशी माझं बरं जमलं. पण तिथवर पोचेतो आमचं दिवाळं वाजलेलं असे. सासरे एका शब्दाने बोलले नाहीत. माझी पाळी आली की ते टोपी काढून आकाशाकडे बघत उभे राहत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला बायकोचं ते वाक्य आठवत होतं. त्यांनी एकदाच काहीतरी मागितलं होतं, आणि मी ते भर मैदानात मातीत घालत होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, कारण अंगण गालिच्यासारखं होतं.

शेवटच्या छिद्राच्या अलीकडे सासऱ्यांचा फटका जरा चुकला आणि चेंडू कुंपणाला अगदी चिकटून बसला. मी जिथे उभा राहायचो, नेमकं तिथेच कुंपण होतं. पाय ठेवायला जागा नाही. जज्जसाहेबांचा मुलगा म्हणाला, "काका, एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू बाहेर काढा. नियम आहे तसा."

सासरे पहिल्यांदाच माझ्याजवळ आले. थकलेल्या आवाजात म्हणाले, "पलीकडून उभे राहा. काठी उलटी फिरवा आणि पाठीने नुसता बाहेर ढकला. जास्त काही करू नका."

मी पलीकडून उभा राहिलो. आता पुढचा पाय मागचा झाला, मागचा पुढचा झाला. छप्पर कुठल्या बाजूला उतरतंय ते कळेना. दार तर घरीच होतं. ठरावातला मध्य तेवढा मध्यच होता, म्हणून चेंडू तिथे धरला. डोकं इतकं रिकामं झालं की काठी उलटी करायची हेसुद्धा विसरलो आणि होती तशीच फिरवली.

'टक्' असा एक आवाज झाला. इतके दिवस मी तो फक्त व्हिडिओत ऐकला होता. हाताला काही जाणवलंच नाही. मी सवयीने झुडपाकडे बघितलं, चेंडू तिथे नव्हता. सगळे वर बघत होते. चेंडू वर होता! आभाळात, एवढासा, पांढरा. तो निवांत खाली आला आणि छिद्रातल्या झेंड्याच्या जवळ थांबला.

मला तर आपण काठी उलटी करायची विसरलो हीच धास्ती. मी घाईघाईने म्हणालो, "चुकलं. पाठीने मारायचा होता."

सासऱ्यांनी माझ्या हातातून काठी घेतली. नावाची बाजू बघितली, रेघांची बाजू बघितली. मग मी कुठे उभा होतो ते गवत बघितलं, आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सकाळपासूनचे सगळे सरपटलेले चेंडू एकामागून एक जाताना मला दिसले.

"ही धाकट्या जावयांची काठी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो. का?"

"ते डावरे आहेत. ही डावऱ्या माणसाची काठी आहे. तुम्ही सकाळपासून हिच्या पाठीने खेळताय."

मला कुंपण फोडून पळून जावंसं वाटलं. इतक्यात जज्जसाहेब जवळ आले. "कमाल आहे! हे काय होतं? उजव्याने खेळता खेळता एकदम डाव्याने?"

सासऱ्यांनी काठीचं पातं हाताच्या तळव्यात झाकलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा दुसरा हात माझ्या पाठीवर आला, तोच, जो इतकी वर्षं अर्ध्यातून परत जायचा.

"त्यात काय," ते म्हणाले. "आमचे जावई दोन्ही बाजूंनी खेळतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी टोपी नसल्यामुळे उन्हावर ढकललं. सामना आम्ही हरलो. किती वाईट हरलो ते सोडा, जज्जसाहेबांनी करंडक घेताना माफी मागितली. गाडीत बसताना सासरे एवढंच म्हणाले, "घरी बोलू नका."

पुढच्या रविवारी सगळे सासरी जेवायला जमलो. साडू कंबरेला पट्टा बांधून आले होते आणि नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला बसले. पहिल्याच घासाला कोपर आदळलं, सूप शर्टावर. "सॉरी दादा!" मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे बघितलं. चमचा डाव्या हातात होता. इतकी वर्षं होता. पण कुणी कोपर मारत असला की आपण कोपराकडे बघतो, चमचा कुठल्या हातात धरलाय ते कोण बघतं!

मी ताट उचललं, साडूंना वळसा घातला आणि त्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

सासऱ्यांनी ताटावरची नजर उचलली नाही. "बॉल पोझिशन बदललीत वाटतं?"

"हो बाबा," मी म्हणालो. "आता प्लेन मोकळं झालं."

सासरे हसले. इतकं की त्यांना ठसका लागला आणि सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. साडू माझ्याकडे, बायको सासऱ्यांकडे आणि मेव्हणी तिच्याकडे बघत राहिली. आमच्या टेबलावर त्या दिवशी पहिल्यांदाच मी सोडून बाकी सगळ्यांचा गोंधळ उडाला होता. मी चमचाभर सूप भरून घेतलं आणि ते सगळंच्या सगळं तोंडात गेलं.